गुडघे बरे झाले की येते

एकोणचाळीस वर्षं पोनियेमने महालात एकच काम केलं. दुपारी चार वाजता थोरल्या बाईसाहेबांना चहा नेऊन देणं. नुसतं ऐकलं तर हे काही काम वाटत नाही. पण सोलो शहरातल्या त्या महालात उभ्याने चालत जाऊन कुणी बाईसाहेबांना काही देत नसे. ओसरीच्या पहिल्या खांबापाशी उकिडवं बसायचं, चहाचं तबक दोन्ही हातांनी छातीसमोर उचलून धरायचं आणि तसंच, बूड टाचांवर ठेवून, एकेक पाय पुढे सरकवत त्यांच्या खुर्चीपर्यंत जायचं. थोरल्यांच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर जाता कामा नये. परत येतानाही तसंच, पाठ न दाखवता. कमरेला बाटिकचं वस्त्र इतकं घट्ट गुंडाळलेलं की मांड्या एकमेकींना चिकटून असत. नवीन बायका महिनाभर रडत. पोनियेम मात्र पाण्यावरून पान सरकावं तशी सरकत असे, आणि पेल्यातला चहा हलत नसे. बाईसाहेब पाहुण्यांना म्हणायच्या, "आमच्या येमच्या पायांना चाकं आहेत."

नवरा गेला तेव्हा ती सात दिवस घरी राहिली होती. मुलीच्या बाळंतपणात तीन. बाकी खाडा नाही.

एकसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी, ती चहा घेऊन खुर्चीपासून दोन हातांवर पोचली आणि उजवा गुडघा अडकला. गेली दोन-तीन वर्षं तो कुरकुरत होता, सकाळी उठताना कडकड वाजत होता, पण असा कधी अडकला नव्हता. पुढे सरकेना, मागे येईना. तिने ओठ दाबून जोर लावला तशी गुडघ्यातून अशी कळ गेली की हातातलं तबक कललं. पेला फरशीवर पडून फुटला. चहा बाईसाहेबांच्या पावलांपर्यंत वाहत गेला.

बाईसाहेब तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी पाय वर उचलून घेतले आणि म्हणाल्या, "चहा तरी माझ्यापर्यंत पोचला. तू कुठे अडकलीस?"

तिच्याबरोबर कामाला असलेली सुराती धावत आली, म्हणजे उकिडवी सरकत आली, आणि दोघी-तिघींनी पोनियेमला तशीच ओढत खांबापर्यंत मागे नेलं. दुखण्यापेक्षा तिला त्या ओढत नेण्याचंच रडू आलं.

महालाच्या कारभारी बाईंनी तिला रजा दिली. बरं वाटलं की यायचं, जागा तुझीच आहे, म्हणाल्या. चहाचं काम तोवर सुरातीकडे गेलं. सुराती तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, बडबडी, पण मनाने चांगली.

मुलगी एर्ना तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर हेस्ती वयाने एर्नाएवढीच. तिने गुडघ्यांचे फोटो काढवले, वजन केलं, उंची मोजली. उंची एकशे अठ्ठेचाळीस, वजन एकाहत्तर.

"मावशी, दोन हाडांच्या मध्ये गादी असते," तिने फोटोवर बोट ठेवलं. "तुमची झिजली आहे. उजवीकडे तर जवळपास उरलेलीच नाही."

"काय खाल्लं की भरून येते?"

"काहीही खाल्लं तरी भरून येत नाही."

लहान मूल काहीतरी चुकीचं बोललं की मोठी माणसं हसतात, तशी पोनियेम हसली. "तसं नाही हो. काहीतरी असेलच ना. मी पथ्य कडक पाळते. सांगाल ते खाईन, सांगाल ते सोडीन."

"पथ्याचा उपयोग आहेच," हेस्ती म्हणाली. "तुमचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो. भात थोडा कमी करा. चहातली साखर आणि तळलेलं बंद. सोयाबीनचं तेंपे, टोफू, अंडं, मासे, पालेभाजी, पपई खा. मांड्यांचे व्यायाम दाखवते, ते खुर्चीत बसून रोज करायचे. सहा-सात महिन्यांत दुखणं बरंच कमी होईल. बाजारात चालत जाल, नातवामागे फिराल."

"आणि महालातलं काम?"

"ते उकिडवं चालणं ना? ते सोडायचं, मावशी. ते आता होणार नाही."

"सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनीही नाही. ऑपरेशन करून नवा सांधा बसवला तरी तसं बसू देत नाहीत. तुमचा गुडघा नवा होणार नाही. आहे तो सांभाळला तर पुष्कळ वर्षं साथ देईल. एवढंच मी सांगू शकते. जास्त सांगितलं तर ती थाप होईल."

रिक्षात बसल्यावर पोनियेमने एर्नाचा हात धरला. "हे महालात कुणाला सांगू नकोस. सुरातीलासुद्धा."

"काय सांगू नको?"

"ते शेवटचं. ती डॉक्टर पोरगी लहान आहे अजून. तिला काय ठाऊक."

दुसऱ्याच दिवशी तिने आपला इलाज सुरू केला. गल्लीच्या तोंडावर बैलाच्या पायांचं सूप विकणारा एकजण बसत असे. त्याच्या पातेल्यात कातडी, शिरा, सांधे तासन्‌तास शिजत, आणि सूप गार झालं की त्यावर थरथरती साय धरायची. "हे बघा बाई," तो पळीने ती साय हलवून दाखवी, "हेच तुमच्या गुडघ्यात असतं. तिथे संपलं, इथून भरायचं. साधा हिशेब आहे." हा हिशेब पोनियेमला डॉक्टरणीच्या बोलण्यापेक्षा पटला. ती रोज मोठा वाडगा घ्यायची. वर आतड्याचे तुकडे, आणि तोंडाला चव म्हणून मेलिंजोच्या बियांच्या कुरकुरीत चकत्या.

पाच आठवड्यांनी एका पहाटे तिच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला. पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. हेस्तीने रक्त तपासलं, युरिक आम्ल वाढलेलं. वजनही दोन किलो वर गेलेलं. ती रागावली नाही, पण कपाळाला हात लावून बसली.

"मावशी, सूप पोटात जातं. गुडघ्यात नाही जात."

त्याच सुमाराला सुराती भेटायला आली. येताना महालातल्या केळ्यांचा फणा घेऊन आली, आणि निरोपही.

"रोज चार वाजले की विचारतात, येम कधी येणार. मी दिलेला चहा पितात खऱ्या, पण तोंड असं करतात." सुरातीने तोंड वाकडं करून दाखवलं. "म्हणतात, तुझा चहा हिंदकळून अर्धा होऊन येतो."

पोनियेमला फार दिवसांनी हसू आलं. "कमरेतून सरकतेस तू. टाचेतून सरकायचं असतं."

"मग ये ना आणि शिकव. काय निरोप सांगू?"

"सांग, गुडघे बरे झाले की येते."

एर्ना दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं. पोनियेमने नजर केळ्यांवर ठेवली.

अंगठ्याची सूज उतरल्यावर तिने दुसरा मार्ग धरला. तिची आई देवाकडे मोठं काही मागायचं असलं की सात दिवस नुसता पांढरा भात आणि पाणी घेऊन राहायची. मीठही नाही. पोनियेमने तसं सात दिवस केलं, मग तीन दिवस सोडून पुन्हा सात दिवस. वजन उतरलं खरं, पण पाय लटपटायला लागले. न्हाणीघरात ती भिंत धरून खाली बसली ती उठेना. एर्नाने उचललं तेव्हा आईच्या मांड्या हाताला पिशवीसारख्या लागल्या.

"हेस्तीबाईंनी अंडी खा म्हणून सांगितलंय, मासे खा म्हणून सांगितलंय," एर्ना ओरडली. "तू उपाशी राहून कुणावर उपकार करतेयस?"

"मी माझ्यासाठी नाही करत."

"मग कुणासाठी? ती म्हातारी तरी म्हणाली का तुला उपाशी मर म्हणून?"

"त्यांना म्हातारी म्हणायचं नाही."

दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पोनियेमने स्वतःहून दोन अंडी उकडली आणि डॉक्टरणीने दिलेला कागद भिंतीवर चिकटवला.

मग मात्र तिने सांगितलेलं सगळं केलं, आणि महालातली शिस्त होती तिच्यात. सकाळी उकडलेलं तेंपे आणि शेवग्याचा पाला, दुपारी मूठभर भात, वाफवलेला मासा, पालेभाजी. संध्याकाळी पपई. चहा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी तो पिताना ती म्हणाली, "हा चहा नव्हे, ही शिक्षा आहे." गल्लीतल्या बायका तळलेल्या केळ्यांची बशी पुढे करायच्या, ती हात जोडायची. खुर्चीत बसून पाय सरळ करायचे, दहा आकडे मोजायचे, खाली. तीस वेळा एक, तीस वेळा दुसरा. नमाजही ती खुर्चीवर बसूनच पढू लागली.

वजन हळूहळू उतरत गेलं. अडुसष्ट, सदुसष्ट, सहासष्ट. पाचव्या महिन्यात एका सकाळी बाजारातून परतताना तिच्या लक्षात आलं की आज आपण वाटेत कुठेच थांबलो नाही. डॉक्टरणीने सांगितलं होतं तसंच, अगदी सांगितलं होतं तेवढंच होत होतं. पण पोनियेमला वाटलं, एवढं झालं तर पुढचंही होईल.

सुराती पुन्हा आली. या वेळी केळी नव्हती, आणि ती बडबडत नव्हती.

"बाईसाहेब आता ओसरीवर येत नाहीत. खोलीतच असतात. खाणं कमी झालंय."

"डॉक्टर?"

"येतात, जातात. वय झालं म्हणतात." ती पोनियेमजवळ सरकली. "बाईसाहेबांनी निरोप दिलाय. म्हणाल्या, येमला सांग, उभी ये. आम्ही डोळे मिटून घेऊ, म्हणजे आम्हाला दिसणार नाही."

पोनियेमने नाही म्हणून मान हलवली. "असं कसं उभ्याने जायचं? त्या थट्टा करतायत."

"थट्टा नव्हती, पोनियेम. दोनदा म्हणाल्या."

"एकोणचाळीस वर्षं मी त्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही. आता शेवटी शेवटी ताठ उभी राहून चहा देऊ, पोस्टमनसारखी?"

"मग काय सांगू?"

"सांग, अजून चार किलो उतरवायचे राहिलेत. गुडघे बरे झाले की येते."

सुराती गेल्यावर तिने दार लावलं. एर्ना कामावर, नातू शाळेत. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या फरशीवर तिने बाटिकचं वस्त्र घट्ट गुंडाळलं, हातात ताट घेतलं, ताटात पाण्याचा पेला. टेबलाची कड धरून ती खाली वाकू लागली. अर्ध्यापर्यंत गेली. पाच महिन्यांपूर्वी एवढंही जमलं नसतं, हे तिला कळत होतं. आणखी थोडं खाली गेली तशी ती ओळखीची कळ आली, आणि हात सुटला.

संध्याकाळी एर्ना घरी आली तेव्हा आई फरशीवर बसलेली होती, पाय पसरून. कपडे ओले होऊन वाळलेले. शेजारी ताट.

एर्नाने आधी तिला उठवलं, खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर गार फडकं ठेवलं. मग समोर स्टूल ओढून बसली.

"आई, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो."

"तुला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं." पोनियेमने गुडघ्यावरचं फडकं उलटं केलं. "रिक्षात बसायच्या आधीच कळलं होतं."

"मग हा सगळा खटाटोप?"

"काहीतरी करत होते ना तोवर मी महालातलीच होते. रजेवर होते. 'होणार नाही' म्हटलं की संपलं. मग मी कोण? घरी बसलेली एक जाडी बाई."

एर्नाने तिचा हात हातात घेतला. "त्या बोलावतायत तर जा. उभी जा. काही होत नाही."

"जाईन," पोनियेम म्हणाली. "सूज उतरू दे ही. पुढच्या आठवड्यात जाईन."

गुडघ्याची सूज उतरायला नऊ दिवस लागले. आठव्या दिवशी, दुपारची नमाज आटपून ती खुर्चीतून उठत होती, तेव्हा सुरातीचा फोन आला. सुराती फोनवर नुसती रडत होती, त्यामुळे काही विचारावं लागलं नाही.

पोनियेमने कपाटातलं महालातलं वस्त्र काढलं. सहा किलो कमी झाल्यामुळे ते कमरेला एक वेढा जास्त बसलं. एर्नाने अंबाडा घालून दिला. महालाच्या दारात गर्दी होती, पांढऱ्या फुलांचे हार होते. आतल्या बायकांनी तिला वाट करून दिली. ओसरीच्या पहिल्या खांबापाशी ती सवयीने थांबली आणि हात आपोआप जमिनीकडे गेले. कारभारी बाईंनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं. "चल. तशीच चल."

ती चालत गेली. सोळा पावलं झाली आणि ओसरी संपली. पोनियेम तिथेच उभी राहिली. एवढ्याशा ओसरीवरून ती रोज आयुष्यभर सरकत आली होती, आणि ती किती लांब आहे असं तिला वाटायचं. सोळा पावलं. गेल्या सहा महिन्यांत ही सोळा पावलं ती कुठल्याही दिवशी चालू शकली असती. सूप प्यायच्या दिवसांतही.

खोलीत पलंग रिकामा होता. पलंगाच्या उशाशी एक वेताची खुर्ची होती, गादी घातलेली.

"तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती," सुराती हळूच म्हणाली. "महिना झाला. दुसरं कुणी बसायला गेलं की म्हणायच्या, तिथे नको. शेवटी शेवटी त्यांना कोण उभं आहे, कोण बसलं आहे, काहीच कळत नव्हतं गं. नुसता आवाज ओळखायच्या."

"माझं विचारलं?"

सुरातीने नाक पुसलं. खोटं बोलावं की काय, असं तिच्या मनात आलं असावं. "विचारायच्या. शेवटच्या चार दिवसांत नाही विचारलं. तेव्हा काहीच बोलत नव्हत्या."

पोनियेम त्या खुर्चीत बसली नाही.

शवपेटी अंगणात आणली तेव्हा रीतीप्रमाणे उचलणाऱ्यांनी ती छातीच्या उंचीवर धरली, आणि घरचे लोक एकामागून एक तिच्याखालून जाऊ लागले. मुलं, सुना, नातवंडं, सगळी कमरेत आणि गुडघ्यांत वाकून, तीन वेळा. नोकरमाणसं बाजूला उभी होती. सगळ्यांचं झाल्यावर बाईसाहेबांची थोरली लेक वळली आणि तिने पोनियेमला हाताने बोलावलं.

पोनियेम पुढे गेली. पेटीखाली पाहिलं. तेवढं वाकणं तिला जमणार नव्हतं. लोक बघत होते. "मला नाही वाकता येत," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हे वाक्य मोठ्याने बोलली.

लेकीने उचलणाऱ्यांकडे पाहिलं. आठ माणसं होती. त्यांनी एकमेकांना खूण केली आणि पेटी उचलून खांद्यांच्याही वर, डोक्याच्या उंचीला नेली. पोनियेम खालून गेली, नुसती मान झुकवून. तीन वेळा. तिसऱ्या वेळी एकाचे हात थरथरत होते, ते तिला दिसलं, म्हणून ती भरभर चालली.

शंभराव्या दिवशी महालातले सगळे थडग्यावर फुलं वाहायला गेले. घराण्याची दफनभूमी शहराबाहेर टेकडीवर, वर जायला दोनशेच्या वर पायऱ्या. तोवर पोनियेमचं वजन चौसष्टवर आलं होतं. हेस्ती तिच्यावर खूष होती. दुखणं निम्म्याहून कमी झालं होतं, सकाळचा कडकडाट तेवढा राहिला होता. पायऱ्या मात्र जपून, असं तिने बजावलं होतं. वर चढणं एक वेळ जमेल, उतरताना गुडघे बोलतील.

पोनियेमने अठरा पायऱ्या चढून पाहिल्या. मग कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, खाली आली. आपली फुलं तिने सुरातीकडे दिली.

"वर काही सांगू?" सुरातीने विचारलं.

"नको. फुलं नीट ठेव. फेकू नकोस."

टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली बाक होता. तिथे आणखी एक म्हातारा बसलेला, काठी मांड्यांमध्ये धरून. त्याची बायकोही वर, गावकऱ्यांच्या बाजूला, पुरलेली होती, मुलं फुलं घेऊन गेली होती. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुमचं चालणं बरं दिसतं," तो म्हणाला. "काय खाता?"

तिने सांगितलं. तेंपे, पाला, मासे, अंडी, पपई, भात कमी, साखर नाही, रोजचा व्यायाम. सात किलो उतरवले.

"त्याने बरे झाले?"

"बरे नाही झाले. दुखतात कमी. बाजारात जाता येतं. वर जाता येत नाही."

म्हाताऱ्याने काठीने मातीत रेघ ओढली. "एवढं सगळं करून इतकंच?"

"इतकंच," पोनियेम म्हणाली. "पण हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं हो. तेव्हाच ऐकलं असतं तर मी वेळेवर गेले असते."

कुठे, ते त्याने विचारलं नाही. तिने पिशवीतून पपईचा डबा काढला आणि दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. वरची माणसं खाली यायला अजून वेळ होता.